गर्ल म्हणजे मुलगी? सुरुवातीला तसं नव्हतं

खडूफळा

चौदाव्या शतकात विल्यम लँगलंड नावाच्या इंग्रज कवीनं ‘पियर्स प्लाउमन’ ही लांबलचक रूपककविता लिहिली. तिच्यात अभ्यास हाच एक बाई होऊन बोलतो. ही अभ्यासबाई म्हणते की गर्ल्ससाठी व्याकरण पहिल्यांदा मीच लिहवून घेतलं आणि शिकायला कां-कूं करणाऱ्यांना छडीनं बडवलं.

आजच्या इंग्रजीच्या भरवशावर वाचलं तर वाटेल, वा, सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात मुलींच्या व्याकरणशाळा होत्या! तशा त्या नव्हत्या. लॅटिन व्याकरण घोकायला बसायचे ते मुलगे. लँगलंडच्या तोंडी ‘गर्ल’ म्हणजे पोर, मग ते कुठलंही असो.

हा शब्द लेखी इंग्रजीत इ. स. १३०० च्या आसपास उगवतो. उगवतो असंच म्हणायचं, कारण त्याआधी तो कुठे होता याचा पत्ता नाही. स्पेलिंगही ठरलेलं नाही, कुणी गर्ल लिहितो, कुणी गुर्ल, कुणी गेर्ल. अर्थ मूल. मुलगाच म्हणायचा असेल तर पुढे एक शब्द जोडून ‘नेव्ह गर्ल’ म्हणत, आणि तरुण पोरीला ‘गे गर्ल’. यातल्या ‘गे’चा अर्थ तेव्हा हसरी-खेळती, नटलेली असा होता.

त्याच शतकातला दुसरा कवी चॉसर, त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये चर्चच्या कोर्टाचा समन्स बजावणारा एक शिपाई आहे. तोंडावर पुटकुळ्या, लसूण-कांद्याचा षौक, लाचखाऊ. चॉसर सांगतो की सगळ्या धर्मप्रांतातल्या ‘यंग गर्लेस’ त्याच्या मुठीत होत्या आणि त्यांची गुपितं त्याला ठाऊक होती. इथेही बरेच संपादक टीप देतात, ‘तरुण मंडळी, दोन्हीकडची’.

मग पुढच्या शे-दीडशे वर्षांत शब्दाचा अर्ध्याहून मोठा संसार आटपला आणि तो फक्त मुलींच्या वाट्याला गेला.

अर्थ असा आक्रसणं जगावेगळं नाही. संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर, म्हणून सिंह मृगराज आणि शिकार ती मृगया. आज मृग म्हणजे हरीण. गंमत अशी की इंग्रजी ‘डिअर’ हाही एके काळी कुठलाही पशू होता (जर्मनमध्ये ‘टिअर’ म्हणजे अजून पशूच) आणि तोही नेमका हरणावरच येऊन थांबला.

पण गर्लचं खरं कोडं वेगळं आहे. हा शब्द आला कुठून? कोशात पाहिलं की ‘व्युत्पत्ती अनिश्चित’. शेजारी बॉय पाहावा, तर तिथेही अनिश्चित. लॅड म्हणजे पोरगा, तसंच. लास म्हणजे पोरगी, तसंच. घरात रोज शंभरदा हाक मारायचे चार शब्द आणि चौघांच्याही बापाचं नाव माहीत नाही. मला यामागे एक कारण दिसतं. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर दोन-अडीचशे वर्षं इंग्लंडचा दरबार फ्रेंचमध्ये आणि चर्च लॅटिनमध्ये चालायचं. इंग्रजी होती ती चुलीपाशी आणि गोठ्यात. तिथे पोरांना काय हाका मारत होते ते कोण कशाला लिहून ठेवतो?

जाणकारांनी भर घालावी.

खारेदाणे

मास्तर, म्हणजे चौदाव्या शतकातला ‘गर्ल्स हॉस्टेल’ हा बोर्ड वाचून आम्ही बिनधास्त आत गेलो असतो. चुकीच्या शतकात जन्मलो.

ज्वलंत_अभिमान

यात कोडं कसलं आलंय? गौरी > गउरी > गर्ल. आपल्याकडे आठ वर्षांच्या मुलीला गौरीच म्हणत, ‘अष्टवर्षा भवेद्गौरी’. इंग्रजांना आपल्या शब्दाचं मूळ सापडत नाही कारण त्यांना ते संस्कृतात शोधायचं नसतं.

तळटीप

@ज्वलंत_अभिमान, शोधलंय हो. दोनशे वर्षं तेच चाललंय आणि त्यातूनच हे शास्त्र उभं राहिलं. १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्सनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच कुळातल्या असल्याचं भाषण केलं, पुढे याकोब ग्रिमनं जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घरातल्या भाषांतले वर्णबदल नियमात बसवले. त्याच नियमानं तुमची गौरी तपासून बघू.

संस्कृत आणि इंग्रजीत ज्या शब्दांचं नातं पक्कं आहे ते घ्या. आपली गो, त्यांची काऊ. आपला जानु म्हणजे गुडघा, त्यांचा नी, ज्यात लिहिताना क अजून शाबूत आहे आणि जर्मनमध्ये तर उच्चारतातसुद्धा. आपला जन, त्यांचा किन म्हणजे गणगोत. थोडक्यात, आपल्याकडे ग किंवा ज असेल तिथे त्यांच्याकडे साधारणपणे क येतो.

आता उलट बाजू. इंग्रजीत सुरुवातीला अस्सल जुना ग असेल तर आपल्याकडे काय असतं? त्यांचा गूस, जर्मन गान्स, आपला हंस. जर्मन गेस्टर्न म्हणजे काल, आपलं ह्यस्. म्हणजे ह.

तेव्हा गौरीला इंग्रजीत सख्खी बहीण असतीच, तर तिच्या नावाची सुरुवात क नं झाली असती. आणि गर्ल हा शब्द खरोखर तेवढा पुराणा असता, तर त्याचा संस्कृत भाऊ ह किंवा घ च्या घरात शोधावा लागला असता. अपवाद असतात, पण त्यांनाही त्यांचे नियम आहेत. दोन शब्द कानाला सारखे वाटले याला व्युत्पत्तीत पुरावा धरत नाहीत. बऱ्याचदा तर फारच सारखे वाटले की आधी संशय घ्यायचा.

दुसरी अडचण इतिहासाची. संस्कृतातून थेट इंग्रजीत जायचं तर १३०० च्या आधी जायला हवं. कोण घेऊन गेलं? आणि वाटेतल्या फारसी, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच यांतल्या एकीनंही तो शब्द ठेवून का घेतला नाही?

ज्वलंत_अभिमान

नियम त्यांचे, निकाल त्यांचे. चालू द्या.

तळटीप

नियम त्यांचे नाहीत हो, ह आणि ग चे आहेत. असो.

मास्तरांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. गर्लचं मूळ म्हणून आजवर बरंच काही सुचवलं गेलंय.

सतराव्या शतकात जॉन मिन्श्यू नावाच्या कोशकारानं लॅटिन ‘गारुला’ पुढे केला. अर्थ बडबडी. मुली फार बोलतात, म्हणून गर्ल! ही व्युत्पत्ती आहे की शेरा, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. शिवाय शब्द सुरुवातीला मुलग्यांनाही लागत होता म्हटल्यावर ती आपोआप कोसळते.

एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांची नजर उत्तर जर्मनीकडे गेली. तिथल्या बोलीत ‘गोर’ म्हणजे लहान पोर. बर्लिनमध्ये आजही आगाऊ पोरीला ‘गोअर’ म्हणतात. समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांशी इंग्लंडचा राबता होता, तेव्हा शब्द तिकडून आला असणं शक्य आहे.

तिसरी वाट अमेरिकन विद्वान फ्रेड रॉबिन्सन यांची. जुन्या इंग्रजीत ‘गुरेला’ म्हणजे कपडा, पेहराव. कपड्याच्या नावानं माणूस ओळखला जातो, तसं पोरं घालत त्या अंगरख्यावरून पोरांचं नाव पडलं असेल, असा त्यांचा तर्क. ऐकायला ओढूनताणून वाटतं, पण अमेरिकन बोलीत बाईला ‘स्कर्ट’ म्हणतच होते. आणि आपण ‘परकरी पोर’ म्हणतो तेव्हा तरी दुसरं काय करतो?

मला सगळ्यांत पटतं ते अनातोली लिबरमन यांचं म्हणणं. २००८ साली त्यांनी इंग्रजीतल्या मोजक्या पन्नासेक हट्टी शब्दांचा एक चिकित्सक कोश काढला, त्यात गर्ल, बॉय, लॅड, लास सगळे आहेत. त्यांच्या मते जर्मानिक भाषांत ग किंवा क नं सुरू होणारे आणि र वर संपणारे शब्दांचे झुबकेच्या झुबके आहेत. त्यांचे अर्थ बघा: प्राण्यांची पिल्लं, लहान मुलं, कच्चं, क्षुल्लक, निकामी झालेलं. याच झुबक्यातल्या एका शब्दाला ‘ल’ हा लहानपणाचा प्रत्यय लागून गर्ल झाला. जुन्या इंग्रजीतून तो वारशानं आलेलाच नाही.

याला जोड म्हणून एक छान गोष्ट. १४८६ साली छापलेलं ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ हे शिकारीचं पुस्तक आहे. शिकारी लोकांत जनावराच्या प्रत्येक वर्षाला वेगळं नाव लागायचं. रो जातीच्या नर हरणाला पहिल्या वर्षी म्हणायचं ‘किड’ आणि दुसऱ्या वर्षी ‘गर्ल’. नर, बरं का. म्हणजे या शब्दात मूळचं बाईपण काहीच नाही, आहे ते फक्त कोवळेपण.

शेरडंकरडं

तळटीप दादा, तो ‘ल’ प्रत्यय वाचून एकदम लखकन डोक्यात आलं. आपलं ‘रू’! गाईचं वासरू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, शेळीचं करडू (इथं डू), झाडावरचं पाखरू आणि माणसाचं लेकरू. सगळी एका माळेतली. आणि सगळी ‘ते’. जनावराच्या पिल्लात आणि माणसाच्या पोरात आमच्याकडं तसाही फरक करत नाहीत, दोन्ही सकाळी उठल्या उठल्या दुधासाठी कोकलतात.

इंग्रजीतलं ते किड पण करडूच ना? मग शाळेच्या जाहिरातीत ‘किड्स’ लिहितात त्याचं मराठी ‘करडं’ करायला हरकत नसावी.

तळटीप

हो, किड म्हणजे करडूच. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या भाषेतून आलेला शब्द. आधी फक्त शेळीचं पिल्लू, माणसाच्या पोराला तो नंतर चिकटला, तोही बरीच शतकं हलक्यासलक्या बोलीतच राहिला.

मालवणी_खाजा

‘ते’ वरून सांगतो. आमच्याकडे मुलगी नपुंसकलिंगीच. चेडो म्हणजे मुलगा आणि चेडूं म्हणजे मुलगी. गोव्यात ‘तें चेडूं आयलें’ म्हणतात, ‘ती आयली’ नाही. लग्न होऊन बाई झाली की मग ‘ती’. पुण्याची वहिनी पहिल्यांदा घरी आली तेव्हा आज्जी सगळ्या नातींना ‘तें’ म्हणते हे ऐकून तिला वाटलं, आज्जी रागावलीय. आज्जीच्या तोंडात त्याहून लाडाचा शब्द नव्हता.

जर्मन शिकणारी आमची भाची म्हणते, तिथे पण ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगीच. वर्गात सगळे बुचकळ्यात पडले, ही एकटी आरामात.

तळटीप

@मालवणी_खाजा, जुन्या इंग्रजीतही तेच होतं. ‘मॅग्डेन’, म्हणजे आजचा मेडन, नपुंसकलिंगी. चाइल्डसुद्धा. पुढे इंग्रजीनं लिंगाची भानगडच काढून टाकली.

आणि तुमच्या चेडोची कुळकथा याच धाग्यात शोभेल अशी आहे. संस्कृतात चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. संस्कृत नाटकं वाचलेल्यांना ही मंडळी ठाऊक असतील. प्राकृतात त्याचं चेड झालं, आणि कोकणीपर्यंत येईतो नोकराचा झाला मुलगा.

रमीक्वीन

मी इथे सहसा वाचनमात्र असते, पण मास्तरांनी ‘नेव्ह गर्ल’ म्हटलं आणि हात शिवशिवले. नेव्ह म्हणजे पत्त्यांतला गुलाम! माझे सासरे जुन्या इंग्रजी पद्धतीनं जॅकला नेव्हच म्हणायचे. मग मुलाला नेव्ह का म्हणत होते?

खडूफळा

रमीक्वीन ताई, बरोबर पकडलंत. जुन्या इंग्रजीत ‘क्नाफा’ म्हणजे मुलगा, साधा सरळ. जर्मनमध्ये ‘क्नाबं’ अजूनही मुलगाच. विक्लिफच्या चौदाव्या शतकातल्या बायबलात बाई ‘नेव्ह चाइल्ड’ला जन्म देते, म्हणजे मुलगा होतो. पुढे मुलगा, मग हरकाम्या पोऱ्या, मग हलकट माणूस अशी त्याची घसरण झाली. पत्त्यात तो मधल्या पायरीवर अडकून राहिला: राजा, राणी आणि त्यांचा चाकर.

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ कादंबरीत एस्टेला पिपला हिणवते ते याच्यावरूनच, की हा पोरगा नेव्हला जॅक म्हणतो! तेव्हा जॅक म्हणणं गावंढळपणाचं होतं. नंतर पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागले, नेव्हचं ‘Kn’ आणि किंगचं ‘K’ सारखंच दिसू लागलं, गोंधळ नको म्हणून जॅकची चलती झाली.

आणि आपला ‘गुलाम’? अरबीत ‘घुलाम’ म्हणजे मुळात मुलगा, तरुण पोर. तिथून चाकर, तिथून विकत घेतलेला दास. हे दोन शब्द एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, पण पत्त्यांच्या एकाच पानावर येऊन बसलेत.

तळटीप

नेव्हची गोष्ट त्याच्या जुळ्याशिवाय पुरी होत नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्त’ म्हणजेसुद्धा मुलगा, पोऱ्या. तो राजाच्या पदरी राहिला, घोड्यावर बसला आणि झाला नाइट. जर्मनीतला त्याचा भाऊ ‘क्नेख्त’ मात्र शेतावर गडी म्हणूनच राबला. एक पोऱ्या सरदार झाला, दुसरा बदमाश. शब्दांचंही नशीब असतं म्हणा, किंवा कुणाच्या दारात उभे राहिलात त्यावर असतं.

पायदळालाही हीच हवा लागली. इन्फंट्रीतला ‘इन्फंट’ म्हणजे लॅटिनमध्ये न बोलणारं तान्हं. इटलीत त्याचा झाला ‘इन्फान्ते’, म्हणजे पोरगा, मग सरदारामागून पायी चालणारा शिपाई.

बॅलार्डपियर

बॉय राहिला की. आमच्या गोदीच्या भागात जुन्या कंपन्यांत साहेब लोक पन्नाशीच्या शिपायालाही बॉय म्हणत, हे वडिलांकडून ऐकलंय. पण त्यामागे एक वेगळंच लफडं आहे.

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा यूल आणि बर्नेल यांनी केलेला अँग्लो-इंडियन बोलीचा कोश १८८६ सालचा. त्यात ‘बॉय’ची नोंद आहे आणि तिचे सरळ दोन भाग केलेत. एक बॉय म्हणजे घरगडी, तो इंग्रजी. दुसरा बॉय म्हणजे पालखी वाहणारा, आणि तो इंग्रजी नाहीच! तो आपला भोई. तेलुगू-मल्याळममध्ये बोयी. सोळाव्या शतकातल्या गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत छत्री धरणारा ‘बॉय’ पगारपत्रकावर आहे. इंग्रजांची वखार सुरतेला पडायच्या कितीतरी आधी.

पुढे इंग्रज आले, त्यांच्या तोंडी आधीच एक बॉय होता, तोही नोकर याच अर्थी. इथे आयता दुसरा मिळाला, खांद्यावर पालखी घेऊन उभा. कुठला कुणात मिसळला ते सोडवणं अवघड. ज्या बाईनं पालखीतून ‘बॉय’ अशी हाक मारली, ती इंग्रजी बोलत होती की मराठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

खारेदाणे

म्हणजे ‘हाती आला भोई, त्याला म्हणा बॉय’. छापून घ्या.

तळटीप

@बॅलार्डपियर, उत्तम भर. इंग्रजी बॉयसुद्धा तेराव्या शतकात दिसतो तो नोकर, हलका माणूस, दांडगट अशा अर्थांनीच. मुलगा हा अर्थ मागाहूनचा. एरिक डॉब्सन यांनी १९४० मध्ये त्याचा संबंध लॅटिन ‘बोया’शी लावला. बोया म्हणजे पायातली बेडी. बेडीतला माणूस, म्हणजे दास, म्हणजे नोकर, म्हणजे पोऱ्या. सगळ्यांना हे मान्य नाही, उत्तर समुद्राकाठच्या फ्रिजियन भाषेतल्या बोय या बाळबोली शब्दाकडे बोट दाखवणारेही आहेत. पण बेडी खरी असेल, तर ‘ओ बॉय’ म्हणताना पुढच्या वेळी जरा जपून.

टाइनकाठची_सई

मी न्यूकॅसलला वॉर्डात काम करते. इथे चाइल्ड कमीच ऐकू येतं, म्हातारी माणसं सरळ ‘बेर्न’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कुणाला तरी भाजलंय.

नंतर कळलं की बेर्न म्हणजे जन्माला घातलेलं, ‘बेअर’ या क्रियापदावरून. म्हणजे वाहणं, पोटात बाळगणं. तळटीपच्या नियमानं हा आपल्या भृ चा, भाराचा भाऊ ना? बाईचे पाय भारी असण्याशी याचं इतकं जवळचं नातं असेल असं वाटलं नव्हतं.

आणि ‘चाइल्ड’बद्दल एक विचारायचंय. शेक्सपिअरच्या ‘विंटर्स टेल’मध्ये म्हाताऱ्या धनगराला टाकून दिलेलं बाळ सापडतं, तेव्हा तो म्हणतो, ‘बॉय की चाइल्ड?’ हे काय नवीन? बॉय काय चाइल्ड नसतो?

तळटीप

भृ बरोबर. आपला भ, त्यांचा ब. ताई, पास.

आणि धनगर विचारतोय, मुलगा आहे की मुलगी? पश्चिम इंग्लंडच्या बोलींमध्ये चाइल्ड म्हणजे मुलगी असा वापर होता. म्हणजे बघा, एकीकडे पोर या अर्थाचा गर्ल मुलीवर गेला आणि दुसरीकडे चाइल्डही त्याच वाटेनं निघाला होता. तो बोलीतच राहिला म्हणून वाचला.

उंबरठा

इतका वेळ वाचतेय. सगळे नोकर-चाकरांच्या मागे लागलेत, पण मास्तरांच्या गोष्टीतला एक प्रश्न मागेच राहिला: सगळ्यांचा शब्द एकाच बाजूला का झुकतो?

आपल्याकडे बघा. ‘मूल’ नपुंसकलिंगी, दोघांनाही लागतं. अनेकवचन ‘मुलं’. आता गावातल्या शाळांच्या पाट्या आठवा. ‘जीवन शिक्षण मंदिर, मुलांची शाळा’, आणि रस्त्यापलीकडे ‘मुलींची शाळा’. मुलगाचं अनेकवचन मुलगे, मग पाटी ‘मुलग्यांची शाळा’ अशी हवी. आहे कुठे? वसतिगृहाचं तेच. ‘पोरं’चंही तेच. घरात ‘पोरं जेवली का’ म्हटलं तर सगळी, पण ‘मंडळाची पोरं’, ‘आमच्या ग्रुपमधली पोरं’ म्हटलं की त्यात पोरी नाहीत, त्या वेगळ्या सांगाव्या लागतात.

म्हणजे इंग्रजीत दोघांचा शब्द मुलीकडे गेला आणि मराठीत दोघांचा शब्द मुलग्याकडे सरकतोय. माझ्या मते दोन्हीकडे खेळ एकच आहे. मुलगा हा मुख्य धरला की एक तर सगळ्यांचा शब्द त्याचा होतो, नाही तर त्याला स्वतःचा खास शब्द मिळतो आणि उरलंसुरलं मुलीला.

शेरडंकरडं

पण ताई, ‘पोर’ एकटं म्हटलं की मुलगीच डोळ्यापुढं येते हो. ‘गरीब पोर आहे’, ‘गुणाची पोर’, ‘पोर सासरी नांदतीय’. एकवचनात मुलगी, अनेकवचनात मुलगे?

उंबरठा

अगदी. ‘पोर’ तिन्ही लिंगांत फिरतं, तो पोर, ती पोर, ते पोर. एकटी असली तर ती बिचारी, जमाव असला तर ते. तुम्ही माझ्या म्हणण्याला दुजोराच दिलात.

तळटीप

जरा थांबा. पाटीवरच्या ‘मुलांची’ला व्याकरणाचीही बाजू आहे. ‘मुलग्यांची’ हे रूप जिभेला जड, बोलण्यात ते कधी फार नव्हतंच. जिभेच्या सोयीला लगेच समाजशास्त्र चिकटवू नये.

उंबरठा

सोय कुणाची झाली, एवढंच विचारते. ‘मुलींची’ म्हणताना जीभ अडत नाही, आणि पाटी मुलींची असली तर तिच्यात मुलगे चुकूनही शिरत नाहीत.

खडूफळा

उंबरठा ताईंनी मुद्द्याला हात घातला. इंग्रजीपुरतं म्हणायचं तर त्यांचं ‘उरलंसुरलं मुलीला’ हे मला पटतं, आणि तारखाही तेच सांगतात.

चौदाव्या शतकाचं घर डोळ्यापुढे आणा. मुलाला शब्द आहे नेव्ह, पण तो बदनाम व्हायला लागलाय, कुणाला नेव्ह म्हटलं तर मारामारी व्हायची. तेवढ्यात नोकरांच्या आळीतला बॉय हळूहळू घरात येतो आणि नेव्हची जागा घेतो. आता मुलग्याला स्वतंत्र, रोकडा शब्द मिळाला. मग गर्ल म्हणताना मुलगा मनात धरायचं कारण उरलं नाही. पंधरावं शतक संपता संपता गर्ल जवळजवळ सगळा मुलीचा झालेला दिसतो.

मुलीच्या बाजूलाही जागा रिकामी होतच होती. मेडन शब्द होता, पण तो कौमार्य, पावित्र्य, कुमारी मेरी असल्या थोर संगतीत गेला. घरात अंगणातून हाक मारायला तो कामाचा नाही. आपणही ‘कुमारिके, जेवायला ये’ म्हणत नाही. दुसरा शब्द होता ‘वेंच’, आणि त्याची कथा तर गर्लचीच आधीची आवृत्ती आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेंकेल’ म्हणजे मूल, मुलगा किंवा मुलगी, कुठलंही. बहुधा डळमळत चालणारं, दुबळं या अर्थाच्या शब्दाचा नातलग. त्याचं शेपूट गळून वेंच झाला, मुलीपुरता उरला, मग मोलकरणीला लागला आणि शेवटी बदफैली बाईला. म्हणजे वेंच ज्या वाटेनं गेला तिच्यावर गर्ल दीडेकशे वर्षं मागून चालत होता.

गर्ललाही सतराव्या शतकात मोलकरीण हा अर्थ चिकटला होता. पण तो खाली घसरला नाही, वेंच गेली तितकी तर नाहीच. का, ते मला नीट सांगता येणार नाही, पण एक अंदाज आहे. वेंच बदनाम झाली तेव्हा घरच्या मुलीला म्हणायला गर्ल हाताशी होता, लोक तिकडे वळले. गर्ल बदनाम व्हायची वेळ आली तेव्हा त्याच्यामागे दुसरा कुणी उभाच नव्हता.

@टाइनकाठची_सई, तुमच्या तिकडे ‘लास’ अजून घरच्या मुलीला म्हणतात ना? मोलकरणीला, दुकानातल्या मुलीलाही म्हणतात का, तेवढं ऐकून सांगा.

टाइनकाठची_सई

मास्तर, सगळ्यांना म्हणतात. पाच वर्षांच्या पेशंटला, मला, आणि आमच्या साठीला आलेल्या सिस्टरलाही. सिस्टर निवृत्त होतायत पुढच्या महिन्यात, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, दुसरं काय म्हणणार?